मयताच्या नावाचं खातं

शहापुरात संगणकावर डिझाइन करून देणारी जितकी दुकानं आहेत, तेवढ्या सगळ्यांत एकच सॉफ्टवेअर आहे आणि ते सगळीकडे चोरीचं आहे. यात कुणाला काही वाटत नाही. लग्नपत्रिकेवर जसा आधी गणपती येतो, तसा नव्या दुकानात आधी पेनड्राइव्हवाला येतो. तो जगातल्या महागड्या वस्तू तासाभरात तुमच्या यंत्रात भरून देतो, चहा पितो आणि जाताना बजावतो, "अपडेट विचारलं तर 'नाही' म्हणायचं." एवढं एक पथ्य पाळलं की वर्षानुवर्षं काही होत नाही.

याला अपवाद असलेलं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं, खताच्या दुकानाला लागून. मी तिथे ऑपरेटर होते. पाटीवर मालकांनी स्वतःच्या हाताने, ब्रशने रंगवलं होतं : 'येथील सर्व सॉफ्टवेअर अधिकृत आहे.' या पाटीचा उपयोग एवढाच झाला, की 'अधिकृत' वाचून लोक उत्पन्नाचा दाखला काढायला यायचे. मालक त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे आणि अधिकृत म्हणजे काय ते समजावून सांगायचे. माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि तहसील कचेरीचा रस्ता विचारून निघून जायचा.

गल्लीने त्यांचं नाव लायसनकाका ठेवलं होतं. टिंगल म्हणूनच ठेवलं होतं. काकांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

सडसडीत माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातल्या एकानेही ते कधी लिहीत नसत. स्वतःच्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढायचे. माउसला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि काम संपलं की माउसवर रुमाल टाकायचे, दळणाच्या डब्यावर टाकतात तसा. मी पहिल्या दिवशी न धुतलेल्या हाताने की-बोर्डला हात लावला, तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

आधी ते रंगारी होते. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या पुष्कळ भिंती त्यांच्या हाताखालून गेलेल्या. शाळेतले सुविचार, टेम्पोमागचे आईचे आशीर्वाद, निवडणुकीतली चिन्हं. 'हागणदारीमुक्त गाव' असं ज्या भिंतीवर ते रंगवत होते, तिच्या पलीकडे त्याच वेळी माणसं बसलेली होती, हे ते हसू न आणता सांगत. "मी लिवलं ते बरोबर लिवलं," असं वर म्हणत.

फ्लेक्स आले आणि भिंती संपल्या. तेव्हा काकांनी संगणक घेतला, आणि मुंबईला जाऊन सॉफ्टवेअरचा खराखुरा डबा विकत घेतला. दुकानदाराने त्यांना मागच्या टेबलाशी नेऊन हळू आवाजात विचारलं होतं म्हणे, "खरोखरचं पाहिजे?" तो डबा दुकानात काचेच्या कपाटात असे. दसऱ्याला संगणकाच्या आधी त्याला हळदकुंकू लागायचं.

"ब्रश इकत घेतला की ब्रश माझा," काका म्हणायचे. "कंपनीचा मानूस येऊन इचारीत नाय, या महिन्यात किती भिंती रंगवल्यास?"

पेनड्राइव्हवाला सहा महिन्यांनी एकदा डोकवायचा. काकांचं त्याच्याशी वैर नव्हतं. "पानी पी, चा पी, आन जा," असं म्हणायचे, आणि तो खरोखर पाणी पिऊन, चहा पिऊन जायचा. आता ते दुकान मी चालवते. तो अजूनही येतो. मी चहा देते आणि तो जात नाही, बसतो.

फ्लेक्सच्या धंद्यात माणसाची माणसाबद्दलची समजूत लवकर बदलते. एक भावी सभापती आले होते. वाढदिवसाचा फलक. वर देवाचा फोटो, त्याच्या खाली त्यांच्या नेत्याचा, मग त्यांचा स्वतःचा, आणि खाली शुभेच्छुकांची डोकी, ताटात लावलेल्या लाडूंसारखी. त्यांना स्वतःचा फोटो नेत्यापेक्षा लहान पण देवापेक्षा मोठा हवा होता. ते एक वेळ जमलं. मग म्हणाले, "थोडा गोरा करा."

"किती?" काकांनी विचारलं.

"शोभेल इतका."

"त्याचं लायसन नाय आपल्याकडं," काका म्हणाले आणि त्यांचा रंग होता तसा ठेवला. फलक लागला तेव्हा चौकात एकटेच भावी सभापती माणसासारखे दिसत होते. त्यांनी पुढचं काम दुसरीकडे दिलं.

पण काकांचं खरं काम होतं मयताच्या फोटोचं. आमच्या भागात माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी फोटो घेऊन येतं, कारण दहाव्याला हार घालायला तसबीर लागते. आणि फोटो कुठला असतो? कुणाच्या तरी हळदीत मागच्या रांगेत उभी असलेली, ताटाकडे बघणारी बाई. नाहीतर आधार कार्डाची झेरॉक्स, जिच्यात माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो. त्यातून चेहरा उचलायचा, डोळे उघडायचे, खांद्यावर पदर द्यायचा, मागे निळं आभाळ लावायचं. बाकीच्या दुकानांत यासाठी तयार अंगं असतात. पुरुष असेल तर कोट-टाय, बाई असेल तर शालू. वर फक्त डोकं बसवतात. मुरबाडच्या एका गावात तर एकाच कोटात तीन घरांचे आजोबा आहेत.

काका कोट देत नसत. "ज्यानं जल्मात कोट घातला नाय, त्याला आता कशाला? तिकडं वळखायचा कोन?" ते घरच्यांना समोर बसवून विचारायचे. नेसण कसं होतं? नथ होती की चमकी? भांग कुठून पाडायची? मग मुलांमुलांत वाद व्हायचे. आईच्या गालावरचा तीळ डावा की उजवा, यावरून दोन भाऊ आमच्या बाकड्यावर बसून हातघाईवर आलेले मी पाहिले आहेत. काका माउसवर रुमाल टाकून थांबायचे. "आयशीकडं बगितलं नाय कोनी नीट," असं नंतर मला म्हणायचे. पण तसबीर तयार झाली की तेच भाऊ ती आळीपाळीने हातात घेऊन बघायचे. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत आणि थोर कला वगैरे शब्दांना चटकन भुलत नाही. तरी सांगते, ते काम चांगलं होतं.

मग एका उन्हाळ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि जोराने आली. संगणक जळला. नवीन आणला. काकांनी हात धुतले, कपाटातून डबा काढला, चकती घातली, डब्यावरचा लांबलचक क्रमांक मी एकेक अक्षर टाकला. यंत्राने तो घेतला नाही. पुन्हा टाकला. नाही.

कंपनीला फोन लावला. माझं हिंदी बरं म्हणून मी बोलले. पलीकडचा मुलगा सभ्य होता. त्याने सांगितलं की ती आवृत्ती आता बंद झाली आहे, तिची नोंद ठेवणारी व्यवस्थाही बंद झाली आहे, आणि आता कंपनी काही विकत नाही. दरमहा पैसे भरायचे आणि वापरायचं. भरणं थांबलं की वापरणं थांबलं.

"पन मी इकत घेतलेलं हाय, ते सांग त्याला," काका म्हणाले.

मी सांगितलं. पलीकडून उत्तर आलं. "मॅडम, सरजी डब्बा रख सकते हैं."

त्यानंतर काही दिवस गल्लीला काकांचा एकच विषय पुरला. खतवाल्याकडे, टपरीवर, रिक्षा स्टँडवर. त्यांच्या संतापात एक पद्धत होती. आधी ब्रश यायचा. मग घरमालक यायचा, जो भाडं घेतो पण निदान तोंड दाखवतो. मग बैल.

"पेरनीला बैल भाड्यानं आनला. काम झालं. बैलवाला बैल घेऊन गेला. नांगरलेलं शेत तो बरोबर नेतो का? नाय ना? आन हे काय म्हनतात, पैसे थांबले तर तुजी जुनी कामं बी तुला उघडनार नाय. म्हंजे माजंच शेत मला दाखवनार नाय."

"काका, पेनड्राइव्हवाल्याला बोलवा नं," रिक्षावाले म्हणायचे. "सगळी गल्ली त्याच्या बैलावर नांगरतेय."

"तो चोरीचा बैल हाय."

माझं माहेर तानसाच्या अंगाचं. मुंबईला पाणी जाणारा तलाव दिसतो अशा घरात टँकरची वाट बघत मी वाढले, त्यामुळे आपलं ते आपल्याला भाड्याने मिळतं यात मला फार नवल वाटलं नाही. तसं मी म्हटलं तर काका म्हणाले, "तुमी लोक लवकर सोडून देता गो बाय."

महिन्याचा आकडा मी त्यांना कंपनीच्या वेबसाइटच्या पानावर दाखवला होता. आमच्या दुकानाला तो अगदी अशक्य होता असं नाही. दोन-तीन फलकांची कमाई गेली असती. पण काकांना तो आकडा परवडण्याचा प्रश्नच वाटत नव्हता. एकदा भरले म्हणजे त्यांच्याच तोंडाने मान्य केलं, की डबा म्हणजे नुसता डबा.

त्याच पानावर खाली एक ओळ होती, ती मी वाचली नसती तर बरं झालं असतं. नव्या ग्राहकाला पहिले सात दिवस मोफत.

काकांनी ती दोनदा वाचून घेतली. स्वतःच्या नावाने सात दिवस वापरून झाले, माझ्या नावाने झाले. आठव्या दिवशी बाकड्यावर एक कुटुंब बसलेलं होतं, हातात हळदीतला फोटो. काका विचारात पडले.

"ग्राहक म्हंजे कोन गो?"

"ज्याचं काम आहे तो."

"आपन काम कोनाचं करतो? मयताचं. फोटो कोनाचा? मयताचा. मग नवा ग्राहक कोन?"

मी हसले. ते हसत नव्हते. त्यांनी ते खरोखर तपासून पाहिलं होतं, जसा तीळ तपासत तसा. कंपनीनेच देऊ केलेलं आहे. चोरी नाही, पेनड्राइव्ह नाही. ज्याचं काम त्याचं नाव. सात दिवसांत फोटो पुरा होतो, दहाव्याच्या आत. यात खोटं कुठे आहे, असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर द्यायचंच नव्हतं. मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं.

मग मी मयतांची खाती उघडू लागले. ईमेल मी तयार करायचे. जन्मतारीख विचारली की अडचण नव्हती, कारण या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना आपली तारीख ठाऊक नसते आणि कागदोपत्री सगळी एक जानेवारीला जन्मलेली असतात. 'आपला व्यवसाय' या रकान्यात विद्यार्थी, हौशी आणि व्यावसायिक असे तीन पर्याय होते. काका प्रत्येक वेळी 'व्यावसायिक' निवडायला लावायचे. "आयुष्यभर राबलेला मानूस हाय. हौशी काय लिवतेस?" भाषा मराठीच निवडायची, हाही त्यांचाच आग्रह. आणि खातं सुरू करण्याआधी पडद्यावरच्या फोटोला ते हात जोडायचे.

एकच गोष्ट आमच्याकडे नव्हती, ती म्हणजे मोबाइल नंबर. प्रत्येक खात्याला वेगळा लागायचा आणि त्यावर ओटीपी यायचा. तो घरच्यांचा द्यायचो. मी फोन करून सांगायचे, "फोटोचं काम आहे, एक आकडा येईल तो सांगा." अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका, हे आता खेडोपाडी सगळ्यांना पाठ आहे. पलीकडची माणसं आधी 'कोन बोलताय?' असं विचारायची. मग मी दुकानाचं नाव घ्यायचे.

"लायसनकाकांकडनं बोलताय व्हय? मग सांगते," एक बाई म्हणाली होती. "दुसऱ्या कोनाला नसता सांगितला हां."

ही बाई म्हणजे ठमाबाईंची थोरली मुलगी. ठमाबाई सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यातल्या. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजाराला बसायच्या. काकांनी त्यांचा फोटो मन लावून केला. हळदीतल्या गर्दीतून उचललेला चेहरा होता, कपाळावर गोंदण, आणि ते गोंदण फोटोत पुसट झालेलं. मुलीला बसवून त्यांनी त्याचे ठिपके एकेक करून विचारून घेतले. फोटो दहाव्याच्या आदल्या दिवशी गेला.

पुढे काकांनी मयताचे फोटो घेणं बंद केलं. कुणी विचारलं तर डोळे अधू झालेत म्हणायचे. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. काय झालं होतं, ते सांगायची मला लाज वाटते, म्हणून इतका वेळ डब्याचं आणि बैलाचं सांगत बसले.

ठमाबाईंचा नवरा दुकानात आला तो बाजाराचा दिवस होता. डोक्याला टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. काकांप्रमाणेच त्यानेही चपला बाहेर काढल्या. बाकड्यावर आधीच दोन कार्यकर्ते बसलेले होते, कुणाच्या तरी वाढदिवसाचं काम घेऊन. म्हातारा त्यांच्या शेजारी अंग चोरून बसला.

"फोटो ब्येस झाला, शेट," तो म्हणाला. "गोंदान बी आलं."

काकांना शेट म्हटलेलं खपत नसे, पण गोंदणाचं ऐकून ते खूश झाले. "बसा बाबा. चा सांगतो."

"चा नको. एक इचारायचं व्हतं." त्याने पिशवीतून मोबाइल काढला. "हा सारका वाजतो. मला वाचता येत नाय. शाळंतल्या बायनी वाचून दाखवलं. कोनाला तरी ठमीची आठवन येते म्हनं. तिला परत ये म्हनतात."

मोबाइल माझ्याकडे आला. मी वाचू लागले. संदेश एक नव्हता, बरेच होते. ठमाबाई, तुमचे मोफत दिवस उद्या संपत आहेत. ठमाबाई, तुम्ही जे सुरू केलंत ते अर्धवट सोडू नका. ठमाबाई, आम्हाला तुमची आठवण येते. परत या. तुमच्यासाठी खास सवलत.

"मोठ्यानं वाच," काका म्हणाले. त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मी वाचलं. मग आलं.

"कोन हाय हा?" म्हाताऱ्याने विचारलं. रागावून नव्हे. "ती बाजारात बसायची. मोठमोठी गिऱ्हाइकं व्हती तिची, मुंबईची गाडीवाली. त्यातला कोन असंल. दहावं झालं, लेकी आपल्या आपल्या घरी गेल्या. आता कोन येत नाय. आन हा मानूस रोज आठवन काढतो. म्हनलं, तुमी फोटो केलात, तुमास्नी ठावं असंल."

एका कार्यकर्त्याने मान लांब करून मोबाइलमध्ये पाहिलं. "बाबा, ओटीपी सांगितलावता काय कोनाला?"

"लेकीनं सांगितलावता, याच फोनवरनं. हितल्यांनाच."

"आता! काय काका, मयताचे ओटीपी?" त्याने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. "बाबा, आधी बँकेत जा. खातं बघा."

"खात्यात काय नाय," म्हातारा म्हणाला, आणि काकांकडेच बघत राहिला.

त्या क्षणी काकांना काहीही सांगता आलं असतं. कंपनीची जाहिरात आहे, सगळ्यांना येते, लक्ष देऊ नका. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण ते उठून उभे राहिले होते आणि त्यांनी खरं सांगायला सुरुवात केली. सवयीने ब्रशपासून केली. ब्रश झाला, डबा झाला, बैल झाला. हेच बोलणं टपरीवर चालू असलं की माणसं माना डोलवायची. इथे ते एकेका वाक्याला लहान होत गेलं. बैलापर्यंत आले तेव्हा काकांनाच ते ऐकवेना. शेवटचं त्यांनी भराभर सांगून टाकलं. सात दिवस फुकट असतात, नव्या माणसाला. म्हणून ठमाबाईंच्या नावाने घेतलं.

म्हाताऱ्याने माझ्या हातातून मोबाइल परत घेतला. 

"म्हंजे ठमीच्या नावावर फुकट घेतलंत."

"फुकट म्हंजे, बाबा, कंपनीच देते..."

"तिनं मागितलं व्हतं?"

"नाय."

"ती कोनाचं फुकट घेत नव्हती, शेट. बाजारात दिसभर बसायची, कोनी चा दिला तर त्याला जुडी द्यायची. मगच चा प्यायची."

कार्यकर्ते आता हसत नव्हते. त्यांतल्या एकाने उगाच स्वतःचा मोबाइल काढून पाहिला.

"तरीच," म्हातारा म्हणाला. आणि मग त्याने जे सांगितलं, ते त्याला आमच्यापुढे सांगायचं नव्हतं असं वाटतं. ते तो स्वतःशीच जुळवत होता. "दहाव्याला कावळा शिवला नाय. पिंड ठेवला, सगळी लांब झालो. कावळे बसलेले झाडावर, खाली कोन येईना. लेकींना बघू म्हनलं, नाय. गाय इकनार नाय म्हनलं, नाय. आमाला ठावंच नाय तिचं काय अडकलंय. ऊन डोक्यावर आलं. मग भटजी म्हनले दर्भाचा कावळा करा. आता दर्भाचा कावळा म्हंजे आपनच आपल्याला सांगितल्यागत." त्याने संगणकाकडे बोट केलं. "तिचं हितं अडकलं व्हतं."

दहाव्याच्या दिवशी तिच्या नावाचं खातं चालू होतं. मी मनात हिशेब केला आणि मला तो थांबवता आला नाही. फोटो दहाव्याच्या आदल्या दिवशी गेला होता, पण सात दिवस अजून संपले नव्हते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"बाबा, तसं काय नसतं," काका म्हणाले. 

"म्हनून बोलावतात तिला. आमचं वापरलंस, आता दे म्हनतात." म्हाताऱ्याने कंबरेच्या पिशवीचा बंद सोडायला घेतला. "त्यांचं काय व्हतं ते भरून टाका. मी देतो. तिचं नाव तिथं नको."

"पैसे ठेवा बाबा," काका म्हणाले. "आत ठेवा आधी." मग माझ्याकडे न बघता, "भर गो बाय. तिच्या नावानं. माज्या खात्यातनं."

खातं नुसतं पुसून टाकता आलं असतं. ते दोन कळांचं काम होतं. मी तसं हळूच म्हटलंही. काकांनी मान हलवली. म्हाताऱ्याला पुसलेलं नको होतं, भरलेलं हवं होतं, आणि ते काकांना माझ्याआधी कळलं होतं.

मी ठमाबाईंच्या नावाने आत गेले. पडद्यावर महिन्याचा आकडा ठळक होता. खाली बारीक अक्षरात होतं, की हा करार वर्षाचा आहे, पैसे दरमहा कापले जातील आणि मध्येच सोडल्यास दंड पडेल. मी काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "हे वर्षभराचं आहे. एका महिन्याचं देत नाहीत."

"भर."

मी भरलं. ज्या माणसाने स्वतःच्या नावाने एक महिना भरायचा नाकारला होता, त्याने एका मेलेल्या बाईच्या नावाने वर्ष बांधून घेतलं, आणि ते करताना हात धुवायचे राहून गेले.

लगेच म्हाताऱ्याचा मोबाइल वाजला. त्याने तो माझ्या हातात दिला. ठमाबाई, धन्यवाद. आता तुम्ही आमच्या परिवारातल्या झालात.

"काय म्हनतात?"

 काकांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, वाचला आणि बंद करून त्याच्या पिशवीत घातला. "पावती हाय," ते म्हणाले.

"फिटलं ना सगळं?"

"फिटलं."

म्हातारा उठला. टोपी नीट केली. दारापर्यंत गेला आणि वळला. त्याला अजून एकदा ऐकायचं होतं.

"म्हंजे सुटली ती, शेट?"

"सुटली," काका म्हणाले.

ते संगणकापुढे उभे होते, पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे टेबलावर टेकून. पडद्यावर ठमाबाईंचं नाव होतं आणि त्याखाली करार संपण्याची पुढच्या वर्षाची तारीख. ती म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून काका तसेच उभे राहिले, तो चपला घालून गल्लीच्या वळणापर्यंत जाईपर्यंत. त्याला वाचता येत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.